वीतभर नमुना

छत्रपती संभाजीनगरच्या वाचकांस शालीचे महत्त्व सांगावयास नको. सूत व रेशीम यांच्या मिलाफातून वेलबुट्टी उठविणारी हिमरू शाल हे तर या नगरीचे भूषणच होय. माझ्या आजीजवळ अशी एक जुनी शाल आहे. परंतु ती घडीवर इतकी विरली आहे की पांघरण्याजोगी उरलेली नाही. यंदाच्या थंडीपूर्वी तिला दोन रंगांची लोकरीची शाल हाताने विणून द्यावी असे मी योजिले.

पहिला प्रश्न लोकरीचा. आपल्या दख्खनी मेंढीची काळी लोकर रंगवावी लागत नाही, व तिचे घोंगडे थंडीपाऊस दोन्ही सोसते. पण तिचा तंतू राठ, वृद्ध माणसाच्या मानेस तो टोचावयाचाच. बाजारात लोकर म्हणून मिळणारे पुष्कळसे गुंडे वस्तुतः ॲक्रिलिकचे असतात. वडीलधाऱ्यांच्या देखत एक तुकडा जाळून पाहावा. खऱ्या लोकरीस केस जळल्याचा वास येतो व तिची राख बोटांत चुरते. ॲक्रिलिक वितळून त्याचा टणक मणी होतो. मी मऊ, चौपदरी लोकर निवडली. नमुन्यापुरता एकेक गुंडा घेतला व त्याच खेपेत रंगविलेले बाकीचे गुंडे दुकानदारास राखून ठेवण्यास सांगितले. कारण पुढील खेपेत तोच रंग तंतोतंत उतरेल अशी शाश्वती नसते. त्याच्यापाशी ते मोजकेच होते.

आजीच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे. किरमिजी व गडद हिरवा हे रंग दुकानात परस्परांहून अगदी भिन्न भासले. परंतु दिवेलागणीच्या वेळी अंधुक उजेडात शेजारी ठेवताच दोन्ही एकसारखे काळसर दिसू लागले. तेव्हा रंग निराळे असून भागत नाही, एक फिका व दुसरा गडद हवा, हे उमगले. हिरवा परत करून सायीच्या रंगाचा गुंडा आणला. पण गडद तांबड्याशेजारी फिका रंग म्हणजे पाण्याचे भय! किरमिजी धागा ओल्या पांढऱ्या फडक्यात गुंडाळून रात्रभर दाबून ठेवला. सकाळी फडके पांढरेच निघाले, तेव्हा जिवात जीव आला.

यानंतर वीतभर लांबीरुंदीचे तीन नमुने विणले. पहिला स्कॉटलंडच्या उत्तरेकडील फेअर आइल बेटाच्या पद्धतीचा. तीत एका ओळीत दोन रंग चालतात, व ज्याची पाळी नसेल तो धागा मागून सैल नेतात. हा नमुना समोरून सर्वांत देखणा. दुसऱ्यात प्रत्येक रंगाच्या दोन-दोन ओळी विणून, मधूनमधून खालच्या रंगाचा टाका न विणता नुसता सरकवला होता. त्यामुळे नागमोडी रेघ किंचित उठून आली. तिसरा साध्या पट्ट्यांचा. त्याविषयी सांगण्याजोगे फारसे नाही.

तिन्ही नमुने धुऊन वाळवल्यावर आजीच्या हाती दिले. पहिल्यावर हात फिरवताच तिची अंगठी मागच्या धाग्यात अडकली. "अगं, माझ्या हिमरूचंही असंच! मागचे सुटे धागे बांगडीत गुंतायचे," ती म्हणाली. शाल काही स्वेटर नव्हे. तिची मागली बाजूही वाऱ्यावर आणि हातात येतेच. दुसऱ्यावर मात्र तिचे बोट थांबले, आणि ती रेघ चाचपीत काठापर्यंत गेले. "ही दिसली बघ मला," असे म्हणून तिने तो नमुना मांडीवरच ठेवून घेतला. मागावयास मलाच संकोच वाटला, परंतु मोजणे तर भाग होते.

कडेचे टाके ओढले जातात, म्हणून मधल्या १० सेंटिमीटरांतच मोजावे. विणून होताच मी मोजले होते तेव्हा २२ टाके भरले होते. कोमट पाण्यात भिजवून, सपाट वाळवल्यावर २० भरले. लोकर पाण्यात सैलावते ती अशी. शाल ६० सेंटिमीटर रुंद हवी होती. पहिल्या मापाने १३२ टाके घातले असते, तर धुतल्यावर ती ६६ सेंटिमीटर झाली असती, लोकर एक दशांश अधिक लागली असती आणि राखून ठेवलेले गुंडे शेवटच्या काठापूर्वीच संपले असते. दुसऱ्याच दिवशी ते सारे घरी आणले, नमुना आजीस परत दिला, आणि किरमिजी धाग्याने १२० टाके घातले.