पंचाची नजर आणि दाद मागण्याचा हक्क

माझा भाचा शिकायला मिशिगनला गेला आणि डेट्रॉइट टायगर्सचा झाला. पूर्वी आम्ही फोनवर क्रिकेटवरून भांडायचो, आता बेसबॉलवरून भांडतो. गेले काही महिने एकच मुद्दा चाललाय. चेंडू बरोबर पडला की नाही हे पंचाने सांगायचं की यंत्राने?

ज्यांनी बेसबॉल पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. बॅटरसमोर जमिनीत १७ इंच रुंदीची रबरी होम प्लेट असते. पिचरचा चेंडू त्या रुंदीतून आणि साधारण गुडघ्यापासून छातीपर्यंतच्या उंचीतून गेला, तर बॅटरने बॅट फिरवली नाही तरी तो 'स्ट्राइक'. बाहेरून गेला तर 'बॉल'. तीन स्ट्राइकला बॅटर बाद, चार बॉलला पहिला तळ फुकट. ही चौकट हवेत असते, कुणाला दिसत नाही. कॅचरच्या मागे वाकून उभा असलेला पंच ती मनात आखतो. चेंडू ताशी १५० किलोमीटरने येतो, पिचरच्या हातातून सुटल्यावर अर्ध्या सेकंदाच्या आत. तेवढ्यात निर्णय. त्यावर हुज्जत घातली तर खेळाडू मैदानाबाहेर. शंभर वर्षांहून जास्त काळ हेच चाललं.

आता बदललंय. २३ सप्टेंबर २०२५ रोजी मेजर लीग बेसबॉलच्या नियम समितीने ठरवलं, की २०२६ च्या हंगामापासून खेळाडूंना या निर्णयाविरुद्ध दाद मागता येईल. निर्णय पंचच देणार. पण बॅटर, पिचर किंवा कॅचर, या तिघांपैकी कुणालाही तो पटला नाही तर त्याने लगेच टोपीवर किंवा हेल्मेटवर टकटक करायची. बाकावरून कुणी खुणावायचं नाही. मग कॅमेऱ्यांनी टिपलेला चेंडूचा मार्ग मोठ्या पडद्यावर सगळ्यांना दिसतो आणि तोच शेवटचा शब्द. प्रत्येक संघाला अशा दोन संधी. दाद बरोबर ठरली तर संधी शाबूत, चुकली तर गेली.

तुम्ही म्हणाल, हे तर आपलं डीआरएस. खरंच तसं आहे. कॅमेऱ्याची यंत्रणाही तीच, हॉक-आय. २००१ मध्ये लॉर्ड्सवरच्या इंग्लंड-पाकिस्तान कसोटीत ती पहिल्यांदा टीव्हीवर दिसली. आपल्या क्रिकेट बोर्डाने डीआरएसला किती वर्षं नाकं मुरडली आणि २०१६ च्या इंग्लंड मालिकेत ते कसं स्वीकारलं, हे आपल्याला आठवतंय.

अमेरिकेतही नाकं मुरडली जात आहेत. म्हणे खेळातला माणूसपणा जाईल. भाचा हसतो. "मामू, घड्याळ आलं तेव्हाही हेच म्हणत होते." २०२३ मध्ये पिचरवर घड्याळ लावलं. तळांवर कुणी नसेल तर १५ सेकंदांत चेंडू टाकायचा. बेसबॉलला घड्याळ नसतं, हीच त्याची शान, असं जुने लोक म्हणत होते. पण नऊ डावांचा सामना आदल्या वर्षी सरासरी ३ तास ४ मिनिटं चालायचा, तो २ तास ४० मिनिटांवर आला आणि तक्रारी विरल्या.

तरी मला घड्याळ आणि स्ट्राइक या दोन गोष्टी वेगळ्या वाटतात. घड्याळ फक्त लवकर करा म्हणतं. स्ट्राइकचा प्रश्न इन्साफाचा आहे.

भाच्याचं म्हणणं सरळ आहे. यंत्राला उत्तर माहीत आहे ना? मग प्रत्येक चेंडू त्यालाच ठरवू द्या. कनिष्ठ लीगमध्ये तसे प्रयोग झालेलेच आहेत. दोन संधी संपल्यावर पंच चुकला तर ती चूक सगळ्यांना माहीत असूनही तशीच ठेवायची, हा कसला न्याय?

या वादात मला एक अभ्यास महत्त्वाचा वाटतो. २००४ ते २००८ या हंगामांतले लाखो चेंडू तपासून काही अर्थतज्ज्ञांनी २०११ मध्ये तो प्रसिद्ध केला. पंच आणि पिचर एकाच वंशाचे असले, की पिचरला स्ट्राइक मिळण्याची शक्यता किंचित वाढते, असं त्यांना दिसलं. फरक छोटा, पण बहुतेक पंच गोरे असल्याने फायदा कुणाला व्हायचा हे उघड आहे. खरी गोष्ट मात्र पुढे आहे. त्या काळी काही मैदानांवर पंचांचे निर्णय तपासायला क्वेस्टेक नावाची कॅमेरा यंत्रणा होती. तिथे हा फरक नाहीसा झाला. भरगच्च मैदानात आणि निर्णायक चेंडूवरही नाहीसा झाला. म्हणजे कुणी पाहतंय म्हटल्यावर तेच पंच सरळ वागत होते.

ते पंच दुष्ट असतील असं मला वाटत नाही. त्यांना स्वतःलाही हे कळत नसेल. पण भाड्याचं घर शोधताना आडनाव सांगितल्यावर समोरच्याचा सूर बदललेला ज्यांनी ऐकलाय, त्यांना 'किंचित' म्हणजे किती ते सांगावं लागत नाही. तिथे टोपीवर टकटक करायची सोय नसते.

माणूसपणाची बाजू घेणारे एक आठवण हमखास काढतात. २ जून २०१०, डेट्रॉइट. टायगर्सच्या अर्मांडो गालाराग्गाने ओळीने २६ बॅटर बाद केले होते. सत्ताविसावाही पहिल्या तळावर स्पष्ट बाद होता, पण पंच जिम जॉईस यांनी त्याला नाबाद दिलं. एकही बॅटर तळावर न पोहोचू देणं म्हणजे परफेक्ट गेम. मेजर लीगच्या सगळ्या इतिहासात असे २४ च झालेत. सामन्यानंतर जॉईस यांनी चित्रफीत पाहिली, चूक कबूल केली, रडत माफी मागितली. दुसऱ्या दिवशी गालाराग्गाने संघाची यादी स्वतः त्यांच्या हातात नेऊन दिली. मैदानाने टाळ्या वाजवल्या.

सुंदर गोष्ट आहे, मलाही आवडते. पण तो सामना आजही परफेक्ट गेमच्या यादीत नाही. चूक सगळ्या देशाने पाहिली, ज्याने केली त्याने कबूल केली, तरी ती दुरुस्त करायची वाट नियमांत नव्हती. ज्याचं नुकसान झालं त्यानेच दर वेळी मोठं मन का दाखवायचं? तळावरच्या अशा निर्णयांना पडद्यावर तपासायची सोय २०१४ मध्ये आली. गालाराग्गाला चार वर्षं उशीर झाला.

तरीही पंचाला पूर्ण हटवावं असं मला वाटत नाही. कारण यंत्राची चौकटही आकाशातून पडलेली नाही. नियमाच्या पुस्तकात बॅटरच्या शरीरावरून उंची ठरते. यंत्रासाठी त्याची टक्केवारी केली आहे. बॅटरच्या उंचीच्या ५३.५ टक्क्यांवर वरची रेघ, २७ टक्क्यांवर खालची. सहा फुटी बॅटरसाठी साधारण साडेअडतीस आणि साडेएकोणीस इंच. चाचण्यांच्या वर्षांत हे आकडे बदलत आले. त्यासाठी खेळाडूंची उंची बूट काढून मोजली जाते. म्हणजे माणसाचा फैसला संपलेला नाही. तो मैदानातून उठून समितीच्या टेबलावर गेलाय. त्या समितीत ११ जण असतात. सहा मालकांच्या बाजूचे, चार खेळाडू, एक पंच. मैदानावरचा पंच निदान डोळ्यांसमोर असतो.

म्हणून मला मधली वाट बरी वाटते. २०२५ च्या ऑल-स्टार सामन्यात तिची झलक दिसली. स्कूबलचा चेंडू पंचाने 'बॉल' ठरवला, कॅचर कॅल रॅलीने दाद मागितली, पडद्यावर चेंडू चौकटीत दिसला, मचाडो बाद. कुणी ओरडलं नाही, कुणाचा अपमान झाला नाही. एकाने विचारलं आणि सगळ्यांसमोर उत्तर मिळालं.

भाच्याला हे पुरेसं वाटत नाही. "मामू, संधी दोनच. संघातला नवा पोरगा ती वापरायची हिंमत करेल का? की मोठ्या खेळाडूसाठी राखून ठेव म्हणतील?" त्याचं हे म्हणणं मला खोडता आलेलं नाही. हक्क कागदावर सगळ्यांना सारखा असतो, तो वापरायची हिंमत मात्र सारखी नसते. या हंगामांत टकटक कोण करतं आणि कोण मान खाली घालून परत जातं, हे मोजायला हवं. कॅमेरे चेंडू मोजतील. एवढं आपण पाहणाऱ्यांनी मोजावं.