एकदाच दिसलेला ठिपका

काही माणसांना चंद्र आवडतो, काहींना तारे. मला अलीकडे ताऱ्यांच्या छायाचित्रांतल्या डागांची गोडी लागली आहे. मराठीच्या प्राध्यापकाने कवितेतले चांदणे सोडून या भानगडीत का पडावे, असे आमच्या घरी विचारले जाते. दोष माझ्या भाच्याचा. तो खगोलशास्त्र शिकतो. दुर्बिणीने टिपलेला आकाशाचा एक फोटो त्याने मला दाखवला, तेव्हा वाटले, यावर कोणी मीठच सांडले आहे!

“मामा, हे सगळेच तारे नव्हेत,” तो म्हणाला. त्यांत विश्वकिरणांचे ठिपके होते. १९१२ साली व्हिक्टर हेस बलूनमधून सुमारे ५,३०० मीटर उंच गेला, तेव्हा या किरणांचा सुगावा लागला. नाव किरण, पण आहेत ते भरधाव कण. कॅमेऱ्यातल्या सिलिकॉनच्या चकतीवर एखादा आदळला, की तिथे लख्ख ठिपका किंवा रेघ उमटते. आमंत्रण नसलेल्या पाहुण्यासारखा तो ताऱ्यांच्या पंगतीत जाऊन बसतो.

त्याला उठवायचे कसे? एकाच जागेचे अनेक फोटो घ्यायचे. तारा प्रत्येकात हजर, हा आगंतुक एकाच फोटोत. एका बिंदूच्या पाच नोंदी ९९, १००, १०१, १०२ आणि ४,००० आल्या, तर सरासरी ८८० भरते; एकट्याच्या आरडाओरडीपुढे चौघांचे खरे बोलणे बुडून जाते. म्हणून नोंदी क्रमाने लावून मधली उचलायची, १०१. डिसेंबर १९९५ मध्ये हबल दुर्बिणीने सप्तर्षींजवळच्या चिमुकल्या तुकड्याचे दहा दिवसांत ३४२ फोटो घेतले. ते साफ करून एकत्र जुळवले, तेव्हा सुमारे तीन हजार दीर्घिका दिसल्या.

आणि फोटो एकच असला तर? २००१ साली पीटर व्हॅन डोक्कम यांनी त्यावरही तोड सुचवली. ताऱ्याचा प्रकाश दुर्बिणीतून येताना थोडा पसरतो, त्याच्या कडा मऊ होतात. कण थेट चकतीवर आदळतो, त्याच्या कडा तीक्ष्ण. तीक्ष्ण कडा शोधली, की चोर सापडलाच.

मला हसू आले. आम्ही पोथ्यांची माणसे तरी निराळे काय करतो? दहा पोथ्या ताडायच्या आणि एकीतच सापडणाऱ्या ओवीकडे संशयाने पाहायचे.

पण एकदाच दिसलेले नेहमी खोटेच असते काय? धावता लघुग्रह प्रत्येक फोटोत निराळ्या जागी असतो. मधली नोंद उचलण्याच्या नियमात तोही पुसला जाऊ शकतो. म्हणून शहाणी माणसे मूळ फोटो जपून ठेवतात. हबलच्या जुन्या संग्रहातून २०२२ साली हजाराहून अधिक लघुग्रहांच्या रेघा अशाच हाती लागल्या.

गेले वर्षभर मी आईच्या जात्यावरच्या ओव्या उतरवून घेतो आहे. आई आता नाही. तिच्या तीन बहिणी आहेत. बहुतेक ओव्या तिघींनाही येतात. एक मात्र धाकट्या मावशीलाच येते. तीत आईच्या एका लेकीचे नाव आहे, आणि आम्हा भावंडांत त्या नावाचे कोणी नाही. थोरली मावशी म्हणते, “ही हिच्याच मनची.” धाकटी त्यावर काही बोलत नाही, पुन्हा म्हणायला सांगितली, की तशीच्या तशी म्हणते.

नियमाने ती गाळायला हवी. मी ती वहीच्या शेवटच्या पानावर वेगळी लिहिली आहे आणि खाली नोंद केली आहे: एकीनेच सांगितलेली.