बर्फातली साद

मैत्रिणींनो, अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात फेब्रुवारीच्या पहिल्या शनिवारी मोठी गमतीची चढाओढ असते. सकाळी 8 ते संध्याकाळी 6 हौशी रेडिओवाले एकमेकांना साद घालतात. नाव सांगायचं, काउंटी सांगायची, की झाली नोंद! काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हाच. तिथं त्या 87 आहेत. बाहेरच्यांना त्या सगळ्या हव्या असतात. पण उत्तरेला रानं नि तळी फार, वस्ती विरळ. तिथून उत्तर देणार कोण? म्हणून काही उत्साही मंडळी मोटारीला एरियल लावून एकेक काउंटी पालथी घालतात. पारा शून्याखाली, थंडीनं बॅटरी मलूल!

तुम्ही म्हणाल, कशाला हा उपद्व्याप? अहो, हिमवादळात तारा तुटून टेलिफोन मुके झाले, की हाच सराव कामी येतो.

हिवाळ्यात तिकडं कुणाकडं जाणार असाल, तर गाडीत ब्लँकेटं, फावडं आणि खाऊचा डबा हवाच. गाडी बर्फात अडकली, तर इंजिन सुरू करण्याआधी धुराच्या नळीभोवतालचा बर्फ काढा. नाहीतर विषारी वायू आत कोंडतो, आणि त्याला वाससुद्धा नसतो!