झीज

विजेच्या मोटारीत ज्याला 'ब्रश' म्हणतात, त्याला ना केस असतात ना तारा. तो असतो दाबून घट्ट केलेल्या कार्बनचा एक लहानसा तुकडा. नाव मात्र जुन्या काळाचे चिकटून राहिले आहे. आरंभीच्या विद्युतयंत्रांत फिरत्या कम्युटेटरवर तांब्याच्या तारांचे खरेखुरे ब्रश टेकवलेले असत. तांब्यावर तांबे घासले जाई, ठिणग्या उडत आणि दोहोंची झीज होई. १८८५ साली जॉर्ज फोर्ब्स या स्कॉटिश अभियंत्याने त्या जागी कार्बन वापरण्याचे पेटंट घेतले. कार्बन वीज वाहतो, पण तांब्याहून मऊ असतो. तो स्वतः झिजतो आणि कम्युटेटरला राखतो.

डोंबिवलीतील एका घरी, जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून एक वृद्ध गृहस्थ अशाच दोन तुकड्यांची नवी जोडी समोर घेऊन बसले आहेत. कल्याणच्या विद्युत इंजिनांच्या शेडमध्ये फिटर म्हणून त्यांची सारी नोकरी झाली. समोर आहे ते मात्र वीतभरही लांब नसलेले काळे इंजिन. इंग्लंडमधील मार्गेट येथे बनलेले, ट्राय-अँग कंपनीचे, बारा व्होल्टवर चालणारे. गोदीत कामाला असलेल्या मामांनी ते एका खलाशाकडून विकत घेऊन भाच्याला दिले, त्याला साठ वर्षांहून अधिक काळ लोटला.

भाचा बारा वर्षांचा असताना इंजिन मंदावले. बोटाने ढकलल्यावाचून हलेना, आणि हलले की करपल्यासारखा वास येई. कार्बन झिजून स्प्रिंगचा दाब पुरेनासा झाला होता, हे त्या वयात कळण्यासारखे नव्हते. त्याने वायरीतील तांब्याच्या तारा पिळून कार्बनच्या जागी कोंबल्या. इंजिन धावले, पूर्वीपेक्षा जोरात धावले. चार दिवसांत कम्युटेटरवर चर पडले आणि ते थांबले. फोर्ब्सच्या आधीचा सारा अनुभव त्या मुलाने चार दिवसांत घेतला होता. मामा भेटले की विचारीत, "काय रे, गाडी पळते ना?" आणि भाचा मान हलवी. मामा वारले तेव्हा इंजिन कपाटात, जुन्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळलेले होते.

३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईत व्हीटी ते कुर्ला पहिली विजेची गाडी धावली. तिच्यामागून आलेल्या कित्येक पिढ्यांच्या इंजिनांच्या मोटारी याच तुकड्यांवर चालल्या. फरक फक्त आकाराचा. शेडमध्ये तो विटेच्या तुकड्याएवढा, खेळण्यात तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा. तिथेच या गृहस्थांना आपल्या बालपणीच्या अपराधाचा उलगडा झाला. कम्युटेटरवर चढलेली तपकिरी झाक हे प्रकृती उत्तम असल्याचे लक्षण होय, ती मळ समजून घासायची नसते. एमरी कागद तर वर्ज्यच, कारण त्याचे कण फटींत अडकून वीज वाहू लागतात. ब्रश झिजला म्हणून तिथे कोणी हळहळत नसे. त्याचे कामच ते. स्वतः शाबूत राहून कम्युटेटर खाणारा ब्रश निघाला, तर मात्र धावपळ उडे.

शेडमधल्या एका जुन्या टर्नरने त्या खेळण्याचा कम्युटेटर केसाएवढा कातून दिला. चर बुजले, एक अंधूक रेघ तेवढी उरली. इंजिन पुन्हा धावले, पण ज्यांना ते दाखवायचे ते उरले नव्हते. त्यानंतर तीनदा ब्रश बदलले गेले, आणि दर वेळी ती रेघ दिसली.

आता हे कामच विरळ होत चालले आहे. १९९०च्या दशकाच्या मध्यापासून भारतीय रेल्वेत तीन फेजच्या मोटारींची इंजिने आली आणि त्यांना ब्रश लागतच नाहीत. खेळण्यांतल्या पुष्कळशा नव्या इंजिनांत डबाबंद मोटार असते. तिचे ब्रश झिजले की मोटारच टाकून द्यायची. जुन्या मोटारींचे ब्रश मात्र इंग्लंडमधील काही लहान व्यापारी आजही विकतात. तिथे राहणाऱ्या पुतण्याने पाकिटातून ही जोडी पाठवली आहे.

अडचण वेगळीच आहे. हात कापतो. दोन्ही ब्रशांना दाबून धरणारी केसांच्या आकड्यासारखी स्प्रिंग चिमट्याने उचलावी लागते. तिच्या एका पायावर इन्सुलेशनची बारीकशी नळी असते. ती हरवली तर स्प्रिंगमधूनच वीज परतते आणि मोटारीला काही मिळत नाही. दोनदा चिमटा निसटला. तिसऱ्यांदा त्यांनी तो नातीपुढे सरकवला.

"चुंबकाला हात लावू नकोस. तो मोटारीतून सुटा केला की त्याचा जोर उतरतो."

नातीने जुने तुकडे काढले. फटींतली काळी भुकटी दात कोरायच्या काडीने काढली, स्पिरिटच्या बोळ्याने तांबे पुसले आणि थबकली. "आजोबा, इथे रेघ आहे. ही कशाची?"

साठ वर्षे जे मामांना सांगता आले नव्हते ते त्यांनी सांगितले. तारांचे, चार दिवसांचे, मान हलवण्याचेही. नात ऐकत राहिली. मग तिने नवे तुकडे बसवले आणि नळीसकट स्प्रिंग जागेवर टेकवली.

इंजिन रुळांवर चालू लागले, पण अडखळत. तिचा चेहरा उतरला.

"तुझे चुकले नाही ग," ते म्हणाले. "नव्या ब्रशाचे टोक सपाट असते आणि कम्युटेटर गोल. झिजून त्याची गोलाई आली, की मग नीट बसेल. अर्धा तास असेच फिरू दे. थोडे पुढे, थोडे मागे."

"आणि डबे?"

"आत्ताच नकोत."

दोघे वर्तुळाकडे पाहत बसली. डबे टेबलाच्या कडेला ओळीने उभे होते.