सुतळीवरची पुस्तकं

आमची शाळा द्विशिक्षकी. पहिली ते चौथीचे वर्ग आणि ग्रंथालय म्हणजे ऑफिसातलं एक लोखंडी कपाट. त्याला कुलूप लागायचं ते चोरांच्या भीतीनं नव्हे, डेड स्टॉक रजिस्टरच्या. पुस्तक हरवलं तर भरून कोण देणार, हा घोर प्रत्येक मास्तर बदलून जाताना पुढच्याला चार्जमध्ये देऊन जातो.

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीनंतर मी व्हरांड्यात सुतळी बांधते आणि कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी पुस्तकं टांगते. मुखपृष्ठ समोर, उंची पहिलीतल्या पोराच्या हाताला येईल एवढी. कपाटात नुसता कणा दिसतो, आणि ज्याला अजून जोडाक्षर लागत नाही त्याला कण्यावरून काय कळणार?

मग प्रकट वाचन. पुस्तक कानाजवळ, पानं मुलांकडे वळवून धरायचं आणि मजकूर तिरक्या नजरेनं वाचायचा. मान दुखते, पण दुसरा मार्ग नाही. चित्र आपल्याकडे आणि आवाज मुलांकडे केला की मागची रांग एकमेकांना चिमटे काढू लागते. आधी मुखपृष्ठ, लिहिणाऱ्याचं नाव, चित्रं काढणाऱ्याचं नाव. माधुरी पुरंदरे यांच्या ‘राधाचं घर’च्या वेळी दोन्हीकडे एकच नाव आलं, तर तिसरीतली एकजण म्हणाली, “बाई, मग ह्यांनी आधी काय केलं?” मी म्हटलं, मलाही माहीत नाही. त्यावर पोरांनी बराच वेळ वाद घातला. पान उलटण्याआधी किंचित थांबायचं. तेवढ्यात पुढचं कुणीतरी बोलून जातंच, आणि ते चुकलं तरी दुरुस्त करायचं नाही.

गोष्ट संपल्यावर तात्पर्य विचारत नाही. तात्पर्य विचारलं की पुढच्या शुक्रवारी मुलं गोष्ट ऐकत नाहीत, उत्तर शोधत बसतात. तपासणीला आलेल्या साहेबांना हे पटत नाही; अध्ययन निष्पत्ती कुठे लिहिली, असं ते विचारतात. ती टाचणवहीत असते.

देवघेवीची वही चौथीच्या मुली सांभाळतात. माझ्यापेक्षा कडक आहेत.

खरी पंचाईत दिवाळीच्या सुमाराला. आमचा बीड जिल्हा. तांड्यावरची, वस्तीवरची निम्मी घरं कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात ऊसतोडीला जातात. काही मुलं आजीपाशी किंवा हंगामी वसतिगृहात राहतात, बाकीची आईबापाबरोबर फडात. जाणाऱ्याकडून पुस्तक जमा करून घ्यायचं, अशी रीत होती. मी उलट करते, जाताना देते. चित्रांची पातळ पुस्तकं नाही, ‘किशोर’चे जुने अंक. बालभारती 1971 पासून हे मासिक काढते आणि एका अंकात गोष्ट, कविता, कोडं असं सगळं असतं. थोरली वाचते, धाकटं चित्रं बघतं. कोपीवर, म्हणजे तिथल्या झोपडीत, एक अंक बरेच दिवस पुरतो. वहीत ‘परत’च्या रकान्यात पेन्सिलीनं ‘पट्टा पडल्यावर’, म्हणजे ऊसतोडीचा हंगाम संपल्यावर, असं लिहून ठेवतो.

उन्हाळ्यात अंक येतात, काही येत नाहीत. आलेल्यांवर तेलाचे डाग, कोडी पेनानं सोडवलेली, एखादं पान चुलीत गेलेलं. चिकटपट्टीनं जमेल ते सांधते, उरलेले निर्लेखनाच्या, म्हणजे बाद करायच्या, यादीत घालते. ती यादी दरवर्षी लांबत चाललीय आणि आमच्या हेडमास्तरांना तिच्यावर सही करताना अवघडल्यासारखं होतं. मला मात्र यादी कोरी गेली असती तर तसं झालं असतं.