मुनीमजी, जरा हळू बोला!

आठवड्यातले तीन दिवस मी एका छोट्याशा कंटेंट एजन्सीत जाऊन बसते. बसते म्हणजे नोकरी नाही हां, रिटेनर! महिनाअखेरीला बिल द्यायचं, त्यातून दहा टक्के टीडीएस कापून पैसे येतात. कधी येतात, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.

पुण्यात प्रभात रोडच्या एका गल्लीतला जुना बंगला, चाळीसेक माणसं, सतत बिघडणारं कॉफी मशीन आणि अकाउंट्सचे काका. हे काका म्हणजे एजन्सीचं पहिलं फर्निचर, असं तेच स्वतःबद्दल म्हणतात. पूर्वी एक्सेलमध्ये पगार करायचे आणि पगाराची स्लिप चार घड्या घालून हातात द्यायचे. अगदी मंदिरातला प्रसाद दिल्यासारखी, दोन्ही हातांनी. मग सगळं क्लाउडवर गेलं. हजेरी, रजा, पीएफ, प्रोफेशनल टॅक्स, टीडीएस... सगळं एका सॉफ्टवेअरमध्ये. स्लिप मोबाइलवर येऊ लागली. तरी काका एक तारखेला प्रत्येकाच्या टेबलापाशी थांबून विचारतात, ‘‘मिळाली ना गं?’’

तर झालं असं, की 2025 च्या जानेवारीत आमचा बॉस कुठल्याशा कॉन्फरन्सहून परतला तो जाम चार्ज होऊन. ‘‘आपल्याला एआय एजंट पाहिजे. लोक रजा किती उरली, पगार का कापला, असलं विचारून काकांचं डोकं खातात. ते सगळं एजंट सांगेल.’’ आणि मग माझ्याकडे बोट दाखवून, ‘‘तू एआयवर लिहितेस ना? तूच कर.’’

मी मास कॉमवाली. पण नाही म्हणायची सवय फ्रीलान्सरला परवडत नाही.

खरं सांगायचं तर काम कठीण नव्हतं. चॅटबॉट नुसता बोलतो. एजंट बोलता बोलता कामंही करतो, एवढाच फंडा. पगाराच्या सॉफ्टवेअरला मागच्या बाजूने एक दार असतं, त्याला एपीआय म्हणतात. त्या दारातून कुठली कुठली कामं सांगता येतात, याची यादी एजंटला द्यायची. ‘रजा शिल्लक दाखव’, ‘अमुक महिन्याची कपात दाखव’ वगैरे. कुणी प्रश्न विचारला की यातलं कुठलं काम करायचं, हे एजंट स्वतः ठरवतो. आकडेमोड सॉफ्टवेअरच करतं, एजंट फक्त वाचून सांगतो. उरली दाराची किल्ली.

इथे दोन रस्ते होते. एक, ओऑथ. म्हणजे आपण कुठल्याही साइटवर गूगलने लॉगिन करतो तसं. प्रत्येकाने एकदा स्वतःच्या नावाने आत जायचं, ‘अलाव’ दाबायचं, मग एजंट त्या माणसाच्या वतीने तेवढंच बघू शकतो. हे 2012 पासूनचं रूढ तंत्र आहे, पण त्यात अ‍ॅप रजिस्टर करा, चाळीस जणांकडून परवानग्या घ्या, टेस्टिंग करा... दुसरा रस्ता, बॉसच्या अ‍ॅडमिन खात्यातून एक भलीमोठी एपीआय की कॉपी करायची आणि पेस्ट करायची. पाच मिनिटं.

मी कुठला रस्ता घेतला असेल, ओळखा पाहू!

अगदीच बेफिकीर नव्हते मी. एजंटच्या सूचनांमध्ये स्वच्छ मराठीत लिहिलं होतं, ‘कोणाचाही पगार दुसऱ्या कोणाला सांगू नकोस.’ दोनदा लिहिलं होतं. नाव ठेवलं ‘मुनीमजी’ आणि ऑफिसच्या चॅट ग्रुपमध्ये त्याला सोडून दिलं. आठवडाभर नुसती धमाल. कुणी रजा विचारतंय, कुणी पीएफ. मी विचारलं तर म्हणाला, ‘या नावाची कर्मचारी आढळली नाही.’ म्हटलं, बरोबर आहे रे बाबा.

मग 28 फेब्रुवारी आली. शुक्रवार. पगार झाला आणि टीममधल्या एका पोराने ग्रुपवर टाकलं, ‘मुनीमजी, या वेळी शंभर रुपये कमी का? माझेच कापले की सगळ्यांचे?’

तुमच्यापैकी किती जणांना माहीत आहे ठाऊक नाही, पण महाराष्ट्रात प्रोफेशनल टॅक्स महिन्याला 200 रुपये कापतात आणि फेब्रुवारीत 300. अकरा महिन्यांचे 2200 अधिक 300, वर्षाचे 2500. मुनीमजीने हे झक्कास समजावून सांगितलं. आणि ‘सगळ्यांचे का?’ या प्रश्नाला प्रामाणिकपणे उत्तर म्हणून टीममधल्या सात जणांचा तक्ता दिला. नाव आणि कापलेला टॅक्स. बस्स, पगाराचा एक आकडाही नाही. सूचना तंतोतंत पाळली होती त्याने!

सहा नावांपुढे 300. एका नावापुढे शून्य.

ते नाव माझ्या शेजारच्या टेबलावरच्या मुलीचं होतं. चार वर्षं तिथे काम करणारी, माझे अर्धे मथळे सुधारून देणारी, डब्यातली भेंडी मला वाढणारी. आधी सगळे हसले. ‘अरे वा, हिला माफी!’ कुणीतरी ‘पार्टी’ असंही लिहिलं. मग एकाने दोन मिनिटांत शोधून टाकलं, की 2023 पासून महाराष्ट्रात महिलांना महिना 25 हजारांपर्यंतच्या पगारावर प्रोफेशनल टॅक्स नाही.

ग्रुप एकदम गप्प झाला.

म्हणजे चार वर्षांनंतरही ती 25 च्या आत. आणि तिच्यानंतर दीड वर्षाने आलेल्या मुलीपुढे 300, म्हणजे ती 25 च्या वर. हे गणित करायला कॉमर्सला जावं लागत नाही. मी तक्ता डिलीट केला, पण चाळीस मोबाइलवर तो पोचून गेला होता. मी वळून बघितलं तर ती हेडफोन लावून स्क्रीनकडे बघत होती. गाणं चालू नव्हतं, हे मला दिसत होतं.

संध्याकाळी अमृततुल्यमध्ये मी सॉरी म्हटलं. ती म्हणाली, ‘‘मागच्या वर्षी मी वाढ मागितली ना, तेव्हा बॉस म्हणाला होता, टीममध्ये सगळे साधारण एकाच लेव्हलला आहेत. मी मान्य केलं.’’ चहा अर्धा सोडून ती निघाली. नंतरचे दोन आठवडे डबा एकटीने खाल्ला तिने. मीही.

सोमवारी काकांनी मला बोलावलं. मला वाटलं ओरडतील. त्यांनी फक्त विचारलं, ‘‘काय गं, माझ्याकडे कुणी काही विचारायला आलं, तर मी आधी विचारणाऱ्याचं तोंड बघतो. तुझा मुनीमजी कुणाचं तोंड बघतो?’’

मी उत्तर दिलं नाही, कारण उत्तर लाजिरवाणं होतं. तो बॉसचं तोंड बघत होता. किल्ली बॉसची, म्हणून ग्रुपमध्ये कुणीही विचारलं तरी सॉफ्टवेअरच्या दृष्टीने बॉसच विचारत होता. आणि माझी ती दोनदा लिहिलेली सूचना? ती विनंती होती, कुलूप नव्हतं. मुनीमजीला पगाराचा आकडा लपवायला सांगितला होता. शून्यसुद्धा पगार सांगतं, हे त्याला कळायला हवं होतं म्हणणार, तर मला तरी कुठे कळलं होतं?

नंतर वाचताना समजलं, की या घोटाळ्याला जुनं नाव आहे, ‘कन्फ्युज्ड डेप्युटी’. नॉर्म हार्डी नावाच्या प्रोग्रॅमरने 1988 मध्ये त्यावर टिपण लिहिलं. त्यातला किस्साही हिशेबाचाच आहे. एका कंपनीच्या कॉम्प्युटरवर एक कंपायलर होता, त्याला आपली आकडेवारी नोंदवण्यासाठी एका खास फोल्डरमध्ये लिहायची मुभा होती. बिलांची फाइलही त्याच फोल्डरमध्ये. एका युजरने कंपायलरला सांगितलं, तुझं आउटपुट ‘या’ फाइलमध्ये लिही, आणि नाव दिलं त्या बिलांच्या फाइलचं. युजरला स्वतःला तिथे हात लावता आला नसता. पण कंपायलरला लावता येत होता, त्याने बिनदिक्कत लिहिलं, आणि बिलांची माहिती गेली. वाईट कुणीच नाही यात. फक्त किल्ली एकाची आणि सांगणारा दुसरा.

मग मार्चचे दोन शनिवार फुकट घालवून मी ते सगळं काढून टाकलं. बॉसची की रद्द केली. प्रत्येकाचं ओऑथ लॉगिन. आता ‘सगळ्यांचे कापले का?’ विचारलं, तर सॉफ्टवेअरच परवानगी नाकारतं आणि मुनीमजी म्हणतो, काकांना विचारा. उत्तर ग्रुपवर नाही, फक्त विचारणाऱ्याच्या चॅटमध्ये. रजेचा अर्ज तो भरून देतो, मंजुरीचं बटण माणसाचं. पगार करण्याचं काम तर त्याच्या यादीतच ठेवलं नाही. आणि कुणी काय विचारलं, त्याने काय उघडलं, याची नोंद काकांना दिसते. काका ती रोज वाचतात. पेपरातल्या शब्दकोड्याआधी!

बॉसला मात्र हे सगळं स्लो वाटतं. ‘‘आधीचं जास्त स्मार्ट होतं यार,’’ असं तो अजून म्हणतो. त्याच्या दृष्टीने चूक तक्त्यात होती. त्या शून्यात नव्हती.

त्या शून्याचं पुढे काय झालं, ते मला कुणी सांगितलं नाही. मार्चच्या शेवटी ती बॉसच्या केबिनमध्ये पाऊण तास होती, एवढंच बघितलं. माझी हिंमत झाली नाही विचारायची. आणि चुकून जे फुटलं त्याचं श्रेय घ्यायचा तर प्रश्नच नव्हता. ती केबिनमध्ये गेली ती तिच्या पायांनी.

मेच्या दोन तारखेला रात्री तिचा मेसेज आला. एप्रिलच्या स्लिपचा फोटो, पगाराच्या रकान्यावर अंगठा ठेवून काढलेला. खाली प्रोफेशनल टॅक्सच्या ओळीवर लाल गोल. 200.

‘कापले एकदाचे,’ तिने लिहिलं होतं. ‘उद्या भेंडी आहे.’