परकी वेल

आमचें घराणें मद्याला न शिवणारें. द्राक्षें आमच्याकडे येतात तीं बाजाराच्या पिशवींतून, आणि मनुका येतात त्या कोणी आजारी पडलें म्हणजे. म्हणून परदेशीं नोकरीस असलेल्या आमच्या भाच्याच्या सामानांतून परवां चिनी वाइनची बाटली निघाली, तेव्हां आम्हांला हंसूंच आलें. चीन म्हटला कीं चहा, रेशीम, फार तर चिनी मातीच्या बरण्या! द्राक्षाची दारू करावी ती फ्रेंचांनीं. चिन्यांची म्हणजे उघड उघड नक्कल. भाच्यानें ती एका मित्राकरितां आणली होती. तो एवढेंच म्हणाला, "मामा, हंसा, पण अगोदर थोडें वाचा, आणि मग हंसा." आम्हीं वाचलें, आणि हंसूं ओसरलें.

इ. स. पूर्वीं १३८ मध्यें हान सम्राट वू यानें चांग छ्येन नांवाचा वकील पश्चिमेकडे धाडला. श्युंग्नू टोळ्यांनीं त्याला वाटेंत धरून सुमारें दहा वर्षें अडकवून ठेवलें. इ. स. पूर्वीं १२६ मध्यें तो परतला, तेव्हां त्यानें फरगाना खोऱ्यांतील श्रीमंतांची हकीकत सांगितली: हे लोक द्राक्षाची दारू वर्षानुवर्षें सांठवितात आणि ती नासत नाहीं. मागाहून गेलेल्या वकिलांनीं तिकडून घोड्यांसाठीं लसूणघासाचें आणि माणसांसाठीं द्राक्षाचें बीं आणलें. तें राजवाड्याभोंवतीं पेरलें गेलें.

वेल बागेंत रुजली, पण लोकांच्या संवयींत रुजेना. तांदूळ व राळे आंबवून दारू करण्याची विद्या चिन्यांपाशीं फार जुनी. बुरशी चढविलेल्या धान्याच्या वड्या हें तिचें विरजण. घरांत विरजण असतां शेजाऱ्याकडे वाटी घेऊन कोण जातो? द्राक्षाची दारू शतकानुशतकें पाहुणीच राहिली.

इ. स. ६४० मध्यें तांग सम्राट ताय्‌त्सुंगच्या सैन्यानें तुर्फानजवळचें गाओछांगचें राज्य जिंकलें, आणि तेथील द्राक्षें व दारूची कृति राजधानींत आली. याच गाओछांगच्या राजानें सुमारें दहा वर्षें आधीं एका यात्रेकरूला आग्रहानें ठेवून घेतलें होतें. तो यात्रेकरू ह्युएनत्संग. पुढें तो पुलकेशीच्या महाराष्ट्रांत आला. हिंदुस्थानांत क्षत्रिय द्राक्षाचें व उसाचें मद्य पितात, भिक्षु व ब्राह्मण मात्र त्यांचा नुसता रस घेतात, असें त्यानें लिहून ठेवलें आहे. आमच्या कुळाचाराची साक्ष एका चिन्याच्या प्रवासवर्णनांत सांपडावी, याची आम्हांला मोठी गंमत वाटली.

अर्वाचीन कथा १८९२ पासूनची. डच ईस्ट इंडीजमध्यें संपत्ति मिळविलेल्या चांग पीशी या चिनी व्यापाऱ्यानें शांतुंग प्रांतांतील यंताय बंदरीं चांग्यू कारखाना काढला, युरोपांतून वेली आणविल्या आणि ऑस्ट्रियन तज्ज्ञ नेमला. १९१५ सालीं सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रदर्शनांत त्याच्या मालाला पदकें मिळालीं. पुढच्या युद्धांत व क्रांतींत धंदा मागें पडला. १९८० मध्यें तिएनत्सिनला फ्रेंच भागीदारींत नवा कारखाना निघाला. नंतर निंग्श्या प्रांतांत हेलान पर्वताच्या पायथ्याचें दगडगोट्यांचें माळरान पीत नदीच्या पाण्यावर द्राक्षमळ्यांनीं भरलें. तेथल्याच २००९ च्या एका तांबड्या वाइननें २०११ मध्यें लंडनच्या डिकँटर मासिकाच्या स्पर्धेंत आंतरराष्ट्रीय बक्षीस मिळविलें.

पण बक्षिसाहून आमच्या मनांत घर करून राहिली ती वेलींची निगा. निंग्श्याची थंडी व कोरडे वारे असे कीं उघडी वेल हिवाळ्यांत मरावयाची. म्हणून हंगाम संपला कीं छाटलेली वेल जमिनीवर निजवून मातीखालीं पुरतात, आणि वसंतांत जपून उकरून पुन्हां तारांवर चढवितात. कांहीं वेली यांत मोडतात, मजुरीही वाढते. आपल्या नाशिककडे ऑक्टोबरांत गोडी छाटणी करून वेलीला जागें करतात. तिकडे त्याच सुमारास तिला निजविण्याची तयारी! हें काम करणाऱ्यांत दक्षिणेच्या दुष्काळी डोंगरांतून उठवून तेथें वसविलेलीं कुटुंबेंही आहेत. वेल परकी, आणि तिला जपणारीं माणसेंही उपरीं.

चीनचें वाइनचें उत्पादन २०१२ च्या सुमारास शिगेला पोंचलें आणि पुढें पुष्कळ उतरलें. तरी वेली पुरण्याचें काम दर हिवाळ्याला येतेंच. परकी वस्तु आपली केव्हां होते? ती प्रथम कोणीं काढली यावर तें ठरतें, असें आम्ही आजवर समजत होतों. आतां वाटतें, तिच्यासाठीं दर वर्षीं माती कोण वाहतो, हें विचारावें.

बाटली आमच्या घरीं उघडली गेली नाहीं. भाचा निघाला तेव्हां आम्हीं एवढेंच म्हटलें, "मित्राला सांग बाबा, हंसूं नको म्हणावें."